कुंझुमच्या वाटेवर गाडी बंद पडली तर

हिमाचलात मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे निघालं, कोकसर मागे टाकलं की ग्राम्फूचा फाटा लागतो. तिथून स्पिती खोऱ्यातल्या काझाकडे राष्ट्रीय महामार्ग ५०५ जातो. छत्रू, छोटा दडा, बातल, मग ४,५५१ मीटर उंचीवरची कुंझुम खिंड आणि पलीकडे उतरल्यावर पहिलं गाव लोसर. हा साधारण ऐंशी किलोमीटरचा पट्टा. त्यात गोटे, खडी, चिखल आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले यांचाच भरणा जास्त. जूनच्या आसपास खिंड उघडली की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या कितीतरी थार, बोलेरो, जिप्सी आणि स्कॉर्पिओ इथे चढतात. मनाली सोडली की या बाजूला पुढचा भरवशाचा पेट्रोल पंप काझाला. मधे नेटवर्क नाही, गॅरेजही नाही. छत्रू आणि बातलला हंगामी ढाबे आहेत, बस्स.

अशा ठिकाणी गाडी दुरुस्त करायची नसते, पुढच्या वस्तीपर्यंत न्यायची असते. या दोन कामांत फार फरक आहे. दुरुस्ती करायला बसलात तर नीट सुटे भाग, कोरडी जागा आणि वेळ लागतो, आणि यातलं काहीच हाताशी नसतं. पुढच्या वस्तीपर्यंत न्यायचं ठरवलं की प्रश्न सोपा होतो: या जखमेसकट गाडी किती वेगानं, किती अंतर जाईल? प्रत्येक तात्पुरत्या उपायाला अशी मर्यादा असते आणि ती गाडी हलवण्याआधी मोठ्यानं बोलून ठरवायची. ‘ताशी पंधरा, दर पाच किलोमीटरला थांबून बघायचं, बातलच्या पुढे न्यायची नाही’, इतक्या स्पष्ट शब्दांत.

निघण्याआधी घरी करायची कामं

सामानाची यादी सगळेच करतात. ते सामान स्वतःच्या गाडीवर वापरून बघणारे फार थोडे. एका रविवारी सोसायटीच्या आवारात गाडी उभी करा आणि गाडीतलाच जॅक, गाडीतलाच पाना वापरून एक चाक काढून पुन्हा बसवा. सर्व्हिस सेंटरमध्ये चाकाचे नट हवेच्या गननं आवळलेले असतात. गाडीबरोबर आलेल्या बोटभर पान्यानं ते हलत नाहीत, आणि हे छोट्या दड्याला कळणं परवडत नाही. लांब दांड्याचा पाना किंवा पान्यावर चढेल असा पाइपचा तुकडा घ्या. अलॉय चाकाला लॉक नट असेल तर त्याची चावी कुठे आहे ते शोधा. टोइंगचा हूक काढून एकदा फिरवून बसवा. काही गाड्यांत त्याला उलटे आटे असतात. फ्यूजच्या दोन्ही पेट्या उघडा, झाकणावरच्या तक्त्याचा फोटो काढा. फॅन बेल्ट कोणकोणत्या पुलीवरून कसा फिरतो, त्याचाही फोटो काढून ठेवा. बेल्ट तुटल्यावर तो कसा बसला होता ते आठवत नाही.

सामान असं: पंक्चर किट आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर, प्रेशर गेज, व्हॉल्व्हच्या चार-पाच पिना, टायरच्या मापाची एक ट्यूब, फूटभर लांबीची जाड फळी, रिंग पाने आणि सॉकेटचा सेट, पक्कड, व्हाइस ग्रिप, होज क्लिप वेगवेगळ्या मापांच्या, जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या, बाइंडिंग तार, एम-सील, इन्सुलेशन टेप, केबल टाय, दोन रॅचेट पट्टे (दांडी मागेपुढे करून आवळायचे), एक फॅन बेल्ट, एक वरचा रेडिएटर पाइप, फ्यूज, एक रिले, मल्टिमीटर, जंपर केबल, पाच लिटर कूलंट, दोन लिटर इंजिन ऑइल, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, डिझेल फिल्टर, डोक्याला लावायची बॅटरी, जाड हातमोजे. ओढण्याचा पट्टा आणि दोन चांगले डी-शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या). यातली ट्यूबची पट्टी बहुतेक जण विसरतात, आणि सगळ्यात जास्त कामाला तीच येते. कुठल्याही टायरवाल्याकडे फुकट मिळते.

एक गोष्ट मात्र घेऊ नका. परदेशी सहलीचे व्हिडिओ बघून कुणी सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र मागवतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे, आणि स्पिती हा सीमेलगतचा भाग आहे.

पहिली दहा मिनिटं

गाडीनं आवाज केला, धूर निघाला, पेडल मऊ लागलं किंवा ती जागीच थबकली, तर बॉनेट उघडण्याआधी पुढचा क्रम पाळा.

आधी जागा बघा. नाल्याच्या पात्रात, वरून दगड येणाऱ्या कड्याखाली किंवा आंधळ्या वळणावर उभं राहायचं नाही. शंभर मीटर मागेपुढे सरकता येत असेल तर सरका, अगदी पंक्चर टायरवरही. टायर वाया गेला तरी चालेल. मग हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका आणि दोन चाकांना उताराच्या बाजूनं मोठे दगड लावा. यातलं एक केलं म्हणून दुसरं सोडू नका. दगड हातानं ढकलून बघा, गोल गोटा सरकतो. मागच्या वळणापलीकडे त्रिकोण ठेवा किंवा माणूस उभा करा.

दुसरं काम माणसांचं. घाम आलेले कपडे आणि कुंझुमचा वारा एकत्र आले की अर्ध्या तासात थंडी भरते. काम न करणाऱ्यांना जाकिटं घालून गाडीत बसवा, पाणी प्यायला लावा. या उंचीवर जॅक फिरवतानाही धाप लागते, डोकं मंद चालतं आणि साध्या गोष्टी चुकतात. म्हणून काम वाटून घ्या आणि एकानं फक्त बघत राहायचं: दगड जागेवर आहेत ना, हात कुठे आहे, कुठला नट कुठे ठेवला. कुणाचं डोकं फार दुखत असेल, उलट्या होत असतील, तोल जात असेल तर गाडीचा विचार बाजूला ठेवा. मिळेल त्या गाडीनं त्या माणसाला आधी खाली न्या.

तिसरं, घड्याळ. सकाळचे दहा वाजले असतील तर वेळ आहे. दुपारचे चार वाजले असतील तर मुक्कामाचा निर्णय आत्ताच घ्यायचा, अंधार पडल्यावर नाही.

आता गाडीकडे वळा. नाकानं सुरुवात करा. गोडसर वास म्हणजे कूलंट, कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे बॅटरी, जळका तिखट वास म्हणजे क्लच किंवा ब्रेक. मग जमिनीवर काय ठिबकतंय ते पांढऱ्या कागदावर किंवा रुमालावर घ्या. शेवटी वायरी, पाइप, बेल्ट. काहीही सोडण्याआधी फोटो काढा.

टायर

इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार तो टायरमध्येच, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतो. समुद्रसपाटीला बाहेरची हवा १४.७ पीएसआयनं दाबत असते, कुंझुमवर ती साडेआठच्या आसपास येते. त्यामुळे मुंबईत ३२ भरलेला टायर वर काही न करताच पाच-सहा पीएसआय जास्त दाखवतो. थंडीनं त्यातला काही भाग कमी होतो, पण दुपारच्या उन्हात आणि गोट्यांवरून चालताना टायर पुन्हा तापतो. टणक टायर धारदार दगडावर आपटला की फाटतो, जरा मऊ असला तर दगडाला लपेटून पुढे जातो. ग्राम्फूला थांबा आणि रोजच्या दाबाच्या पाऊण पटीपर्यंत हवा सोडा, वेग तीसच्या आत ठेवा. काझाला चांगला रस्ता लागला की लगेच पुन्हा भरा, कारण कमी हवेवर वेगानं पळवलेला टायर बाजूनं तापून फुटतो.

ट्यूबलेस टायरला खिळा किंवा अणकुचीदार दगड घुसला तर तो लगेच उपटू नका. आधी सगळी तयारी करा: कॉम्प्रेसर जोडा, पंक्चर किटमधली दोरी सुईत ओवून तिला चिकट सिमेंट लावा, रीमर (भोक साफ करायची खरबरीत सळई) हातात घ्या. खिळा कोणत्या कोनात गेलाय ते बघा आणि मगच पक्कडीनं ओढा. त्याच कोनात रीमर आत-बाहेर फिरवा. हाताला जोर लागतो, पोलादी तारा करकरतात, त्यानं घाबरू नका. आता दोरी दाबत आत न्या, दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहिली पाहिजेत. मग सुई एका झटक्यात सरळ ओढा. हळू ओढली तर दोरीही बाहेर येते. हवा भरा, जागेवर थुंकी लावा, बुडबुडे आले तर शेजारी दुसरी दोरी घाला. बाहेरची टोकं शेवटी कापा.

हे फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी आहे. बाजूची भिंत चिरली असेल तर दोरी टिकत नाही. स्टेपनी लावा. स्टेपनीही गेली असेल तर बरोबरची ट्यूब कामी येते. टायर रिमवरून उतरवा, आतून खिळ्यांची टोकं हातमोजे घालून चाचपा, चिरेवर आतल्या बाजूनं जुन्या ट्यूबचा दुपदरी तुकडा ठेवा, ट्यूब घाला, ताशी वीसनं चाला.

चाक बदलताना नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे. जॅक कधीच नुसत्या खडीवर ठेवायचा नाही, खाली फळी हवी. गाडी उचलली की स्टेपनी गाडीच्या चौकटीखाली (चॅसिसखाली) आडवी सरकवून ठेवा, म्हणजे जॅक सुटला तरी गाडी तिच्यावर टेकेल. नंतर काढलेलं चाक तिच्या जागी सरकवा. जॅकवरच्या गाडीखाली डोकं किंवा छाती कधीच न्यायची नाही. नट समोरासमोरच्या क्रमानं आवळा, गाडी खाली आल्यावर पुन्हा आवळा, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून परत एकदा.

कमी हवेवर आडवा धक्का बसून टायर रिमवरून सुटला असेल तर चाक उचला, कड साफ करा, साबणाचं पाणी लावा, टायरच्या घेराभोवती रॅचेट पट्टा आवळा म्हणजे कडा बाहेर फुगतील. व्हॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसर चालवा, टक्‌ आवाज येऊन कड बसली की पट्टा सोडा, पिन लावा, हवा भरा. पेटता स्प्रे मारून टायर बसवण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. हात जातो, डोळे जातात.

गाडी तापली

तापमानाचा काटा वर चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण जोरात. हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे. मग थांबा आणि बघा. पाणी कुठे गळत नसेल आणि पंखा चालू असेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं नुसतं चालू राहू द्या. गळती दिसली किंवा काटा वरच टेकला तर लगेच बंद करा. रेडिएटरच्या टोपीला हात लावायचा नाही. किमान पाऊण तास थांबायचं. मग वरचा पाइप दाबून बघायचा, तो टणक लागतोय तोवर आत दाब आहे.

उंचीवर पाणी लवकर उकळतं. कुंझुमच्या उंचीला साधं उघडं पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळतं. टोपी दाब धरून ठेवते म्हणून आतलं कूलंट त्याच्या कितीतरी वर जाऊनही उकळत नाही. त्यामुळे घाटाखाली कधी न जाणवलेली सैल टोपी इथे गाडी बंद पाडू शकते. पाइप फुटला की ‘टोपी अर्धी सैल ठेवून चालवा, दाब येणार नाही’ हा सल्ला ड्रायव्हर मंडळी देतात. खाली तो चालतो. इथे टोपी सैल केली की पाणी इंजिनच्या नेहमीच्या तापमानालाच उकळायला लागतं. म्हणून वर असताना आधी गळती नीट बांधा.

पाइप टोकाशी चिरला असेल तर चिरलेला भाग कापून टाका, उरलेला पाइप ओढून नवी क्लिप लावा. मधे चिरला असेल तर जागा पुसून कोरडी करा, ट्यूबची पट्टी ताणून अर्धीअर्धी एकमेकींवर चढवत चार-पाच थर गुंडाळा, दोन्ही बाजूंना होज क्लिप. पट्टी ताणूनच गुंडाळायची, सैल गुंडाळली तर पहिल्याच चढावर पाणी झिरपतं.

रेडिएटरच्या जाळीत दगड घुसून एखादी नळी फुटली असेल तर तिच्या आजूबाजूची जाळी पक्कडीनं बाजूला करा, नळी फुटलेल्या जागी कापा, दोन्ही टोकं चिमटून स्वतःवर दुमडा, पुन्हा चिमटा. कोरडं पुसून वर एम-सील मळून दाबा. ते घट्ट व्हायला एरवी तासभर लागतो, थंडीत जास्त. एक नळी बंद झाल्यानं बाकीचा रेडिएटर बरंच काम निभावून नेतो.

बारीक झिरपणीला रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती आपल्याकडच्या ट्रक आणि एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांना चांगली माहीत आहे. टाचणीएवढ्या भोकावर ती चालते, चिरलेल्या पाइपवर नाही. मात्र ती हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते, तेव्हा हा शेवटचा उपाय समजा.

नाल्याचं पाणी भरावं लागलं तर भरा, पण रात्री मुक्कामाला थांबण्याआधी बरोबरचं कूलंट त्यात घाला. नुसतं पाणी रात्रीत गोठलं तर इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो.

फॅन बेल्ट तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, स्टेअरिंग जड होतं आणि बहुतेक गाड्यांत वॉटर पंपही थांबतो. तशीच चालवू नका. नवा बेल्ट घालण्याआधी प्रत्येक पुली हातानं फिरवून बघा. एखादी अडकली असेल तर नवा बेल्टही पाच मिनिटांत जळेल.

नाले

या रस्त्यावरचे नाले हिमनद्यांच्या वितळण्यावर चालतात. सकाळी सात-आठला घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी दोन-तीनला मांडीपर्यंत येतं. नाल्यातल्या निम्म्या बिघाडांवर उपाय एकच: लवकर निघणं. आणि दुपारी पाणी चढलेलं दिसलं तर अलीकडेच थांबणं. नव्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर सांगितली जाते, पण हा आकडा संथ पाण्याचा आहे. वाहतं पाणी गाडी ढकलतं, तळ दिसत नाही, आणि मधला एक गोटा चाक अडवतो.

गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका. माणूस घाबरून पहिल्यांदा तेच करतो, आणि इंजिनचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इग्निशन बंद करा, माणसं बाहेर काढा, पट्टा लावून गाडी बाहेर ओढा.

कोरड्यावर आल्यावर एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा असेल तर पाणी बहुधा आत गेलेलं नाही. इलेक्ट्रिकचं काहीतरी भिजलं असेल, कनेक्टर पुसा, थोडं थांबा, मग सुरू करा. फिल्टर भिजला असेल तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढा, इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढा, तोंड दूर ठेवून सेल्फ फिरवा आणि पाणी बाहेर उडू द्या. डिझेल गाडीत ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. हात बसलेला नसेल तर ते वाटेत करू नका, गाडी ओढत न्या.

मग ऑइलची पट्टी ओढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी मिसळलंय, इंजिन सुरू करायचं नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलकडेही (एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याकडेही) लक्ष द्या. तापलेला डिफरन्शियल बर्फाच्या पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हवेच्या बारीक नळीतून) पाणी आत ओढलं जातं. त्यानं गाडी लगेच थांबत नाही, म्हणून लोक विसरतात, आणि दोन महिन्यांनी बेअरिंग जातं. नाल्यातून निघाल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून शे-दोनशे मीटर चाला म्हणजे ते कोरडे होतील.

खालचा भाग: क्लच, क्रॉस, पाटे

चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की जळका वास येतो. थांबा, क्लच पूर्ण सोडा, इंजिन चालू ठेवा, अर्धा तास थंड होऊ द्या. पुढे फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर, घ्या. त्या गिअरमध्ये क्लचला फारसं काम उरत नाही. पेडल खाली पडलं आणि वर येत नसेल तर पंप करून बघा, टाकीतलं ऑइल बघा. तरीही दाब येत नसेल तर फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये गाडी ठेवून सेल्फ मारला की ती हळूच पुढे सरकत सुरू होते. पेडल दाबल्याशिवाय सेल्फ लागत नसेल तर पेडल दाबूनच ठेवा. पुढची मोकळी जागा आधी बघा, कारण थांबायचं तर इंजिन बंद करूनच.

गाडी सुटताना टक्‌ आवाज, वेगानं वाढणारी घरघर म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) गेला. तो पूर्ण तुटला तर सुटा शाफ्ट गरगर फिरून ब्रेकचे पाइप, टाकी, काहीही फोडतो. थार, जिप्सी, बोलेरो फोर बाय फोर यांसारख्या गाड्यांत मागचा शाफ्ट काढून टाकता येतो. फ्लँजवर (शाफ्ट जोडणाऱ्या चकतीवर) रंगानं किंवा नखरंगानं खूण करा, तिचे बोल्ट सोडा, शाफ्ट काढा, फोर-हाय घ्या. गाडी पुढच्या चाकांवर चालते. आता टू-व्हीलमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून ती जागेवर राहणार नाही, हे लक्षात असू द्या. उभी करताना हँडब्रेक आणि दगड. बोल्ट काढण्याआधीही दगड. शाफ्टचं टोक गिअरबॉक्समध्ये सरकून बसलेलं असेल तर ते काढल्यावर ऑइल वाहून जाईल. तशा गाडीत हा उपाय करू नका.

जिप्सीला चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), बोलेरोला मागे. मेन पाटा तुटला की गाडी एका बाजूला बसते आणि एक्सल मागेपुढे सरकतो. चौकट उचला, एक्सल आपल्या जागी ढकला, एक्सल आणि चौकट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा बसवा आणि रॅचेट पट्टा दोन्हीभोवती करकचून आवळा. पट्टा ब्रेकच्या पाइपवरून जात नाही ना, ते हात घालून बघा. मग ताशी दहा ते पंधरा. ट्रकचालक इथे लाकूड देतात, वेळ पडली तर तासभर थांबून हातही लावतात. त्यांच्याशी बोलायला संकोचू नका. या रस्त्याचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

ब्रेक आणि स्टेअरिंग

इथे माझा सल्ला कडक आहे. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचा जॉइंट निखळला, ब्रेकचा पाइप फुटला, पेडल तळाला गेलं तर गाडी तिथेच उभी राहते. तारेनं बांधलेला स्टेअरिंगचा जॉइंट घेऊन कुंझुमचा उतार उतरायचा नाही. त्यात माणसं मरतात.

उतारावर पेडल मऊ लागलं आणि गळती दिसत नसेल, तर ब्रेक तापून ऑइल उकळलेलं असतं. खालच्या गिअरवर गाडी थांबवा, चाकांवर पाणी ओतू नका, तासभर थांबा. पेडल पूर्ववत झालं तर पुढचा उतार फोर-लोमध्ये. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं. दोन वर्षांत बदललेलं नसेल तर निघण्याआधी बदला.

बॅटरी, फ्यूज, डिझेल

मल्टिमीटर लावा. बंद गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. १२ च्या आसपासच असेल तर ऑल्टरनेटर भरत नाही. मग दिवे, पंखा, म्युझिक सगळं बंद, इंजिन वाटेत बंद करू नका, दिवसाच काझा गाठा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पावडर असेल तर आधी ती घासा. बरेचदा बिघाड तेवढाच असतो.

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा लावा. पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर घासलीय, ती शोधा. तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून बसवलेला फ्यूज गाडी पेटवतो. इंजिनला इंधन पुरवणाऱ्या पंपाचा रिले गेला असेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून लावता येतो.

डिझेल गाडीनं चढावर दम सोडला, काळा धूर आला, तर एअर फिल्टर झटकून बघा. इथल्या धुळीनं तो एका दिवसात भरतो. दम सोडला पण धूर नसेल तर डिझेल फिल्टर. त्याच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढा. फिल्टर बदलला की एअर पकडते, प्रायमर (डिझेल ओढायचा हाताचा पंप) टणक होईपर्यंत दाबत राहा. टाकीला दगड लागून झिरपत असेल तर ओला अंगाचा साबण चिरेवर घासून भरा आणि वरून ट्यूबची पट्टी. जवळपास स्टोव्ह, सिगारेट काही नको.

बीएस-सहा डिझेल गाड्यांचं एक वेगळं दुखणं आहे. कमी वेगानं सतत चाललं की धुराचा फिल्टर काजळीनं भरतो आणि दिवा लागतो. तो मोकळा व्हायला पंधरा-वीस मिनिटं एकसारखा वेग लागतो, आणि तसा रस्ता ग्राम्फूनंतर मिळत नाही. दिवा कोकसरच्या अलीकडे लागला असेल तर तिथल्या चांगल्या रस्त्यावरच गाडी पळवून तो घालवा. ज्या गाड्यांना डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रावण) लागतं, त्यांची टाकी मनालीतच काठोकाठ भरा. हे द्रावण उणे ११ अंशांना गोठतं.

दुसऱ्या गाडीनं ओढताना

बिघाडापेक्षा जास्त जिवावर बेतणारी गोष्ट ही. ताणलेला पट्टा सुटला की त्याच्या टोकाचं लोखंड गोळीच्या वेगानं उडतं.

पट्टा चौकटीला जोडलेल्या हुकातच अडकवायचा. मागच्या टोबॉलला (ट्रेलर ओढायच्या गोळ्याला) कधीही नाही. तो तुटून काच फोडून आत आला आहे आणि जगभर त्यानं माणसं गेली आहेत. बंपर, अँटिरोल बार, एक्सल हेही नाही. दोन पट्टे जोडायचे तर मधे शॅकल घालायचा नाही. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जाड जाकीट टाका म्हणजे तुटला तर खाली पडेल. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात ड्रायव्हर सोडून कुणी उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढणाराही नाही. चाकांपुढचा चिखल आणि गोटे आधी हातानं उकरा. दहा मिनिटं उकरलं की निम्म्या जोरात गाडी निघते. खुणा एकच माणूस करील, बाकीचे गप्प.

लांब ओढत न्यायचं तर बंद गाडीत ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात, हे मागच्या ड्रायव्हरला आधी सांगा. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढायची असेल तर ट्रान्सफर केस (फोर-व्हीलची गिअरपेटी) न्यूट्रलला घ्या. तशी सोय नसेल तर ट्रकवर चढवा.

रात्र काढायची वेळ आली तर

गाडी सोडून अंधारात चालत निघू नका. गाडी दिसते, माणूस दिसत नाही. मदतीला जायचं तर सकाळी, दोघांनी, पाणी आणि जाकिटं घेऊन. कोण, कुठे, किती वाजता निघालं याची चिठ्ठी गाडीत. येणाऱ्या गाडीबरोबर निरोप पाठवताना कागदावर लिहून द्या: जागा, गाडीचा नंबर, नेमका बिघाड, माणसं किती, कुणी आजारी आहे का. तोंडी निरोप दोन ढाब्यांत बदलतो. नेटवर्कमध्ये पोहोचल्यावर ११२.

उबेसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सर दगडानं दबला असेल किंवा बर्फानं बुजला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, एक काच बोटभर उघडी, एक माणूस जागा. आत स्टोव्हही नाही.

काझाला पोहोचल्यावर

मेकॅनिकला तुम्ही काय काय केलंत ते सगळं सांगा: हळद टाकली, नळी दुमडली, शाफ्ट काढला, रिले बदलला. लपवलेला तात्पुरता उपाय त्याला शोधता येत नाही आणि तो चुकीची वस्तू उघडत बसतो. सुटा भाग मनालीहून यायला एक-दोन दिवस लागू शकतात, तेवढे दिवस हाताशी ठेवूनच सहल आखा. पाण्यातून गेलेल्या गाडीच्या दोन्ही डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट किंचित सैल करून पहिले थेंब बघायला सांगा. पाणी जड असल्यानं तेच आधी येतं. हळद टाकली असेल तर घरी परतल्यावर रेडिएटर आणि हीटर दोन्ही दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन घ्या, नवं कूलंट भरा आणि पंक्चरची दोरी घातलेला टायर उतरवून आतून पक्का पॅच मारून घ्या.